नावाचं कडवं

अन्याय झाला तो दोघांवर. एक, पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीतला साठी ओलांडलेला जाखडीचा शाहीर, ज्याला सगळा तालुका बुवा म्हणतो. दुसरा त्याचा गुरू, जो तेव्हा हयातही नव्हता. कधी झाला तेही सांगून ठेवते, म्हणजे उद्या कुणी 'असं काही आम्हाला आठवत नाही' म्हणायला नको. दोन हजार एक साली, गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुपारी, पोलादपूरच्या नाक्यावर, बुवाची कॅसेट पहिल्यांदा टेम्पोवरच्या कर्ण्यातून वाजली तेव्हा. मी बुवाच्या शेजारीच उभी होते.

बुवा कोण, हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. पायात घुंगरू बांधून पोरं गोल धरतात, मधे ढोलकी, झांज आणि शाहीर. दोन गावांची जाखडी समोरासमोर उभी राहिली की तिला बारी म्हणतात, आणि बारीत एक शाहीर दुसऱ्याला गाण्यातून सवाल घालतो, टोमणे मारतो, त्याची अब्रू काढतो. बुवा यातला दांडगा माणूस. आवाज गोड नव्हता. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज. पण तो समोरच्या शाहिरावर थांबायचा नाही. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेल्या सरपंचापर्यंत पोचायचा, ठेकेदारापर्यंत पोचायचा, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेला ज्यांनी बोलावलं त्या यजमानापर्यंतच पोचला. यजमानाने माईकची वायर उपटली. बुवा वायरीशिवाय गात राहिला. दोन गावांनी त्याला कायमचं बंद केलं होतं आणि हे तो बढाई मारून सांगायचा. अंगात काळा जाकीट, बटणं तुटलेली, त्यांच्या जागी सेफ्टी पिना. मिशीला कलप. 'केस पांढरं झालं तरी चालतील, मिशी पांढरी झाली की टोमणा लागत नाय' असं त्याचं शास्त्र होतं.

मी महाडची. वडील शिक्षक, घरात शुद्ध बोलायची सक्ती. कॉलेजात असताना डोंगरवाड्यांच्या रस्त्यासाठी भांडणाऱ्या एका छोट्या संघटनेत मी शिरले आणि पत्रकं लिहायला लागले. वाडीचा रस्ता हा काय प्रकार होता ते एका वाक्यात सांगता येतं: दर निवडणुकीला त्याचा नारळ फुटायचा आणि निवडणूक संपली की खडीचा ढीगही उचलून नेला जायचा. आजारी माणूस डोलीत घालून खाली आणायचा. यावर मी पत्रकं लिहिली, आम्ही ती वाटली, लोकांनी त्यात भजी बांधली.

तहसील कचेरीसमोर आम्ही धरणं धरलं तेव्हा वाडीची माणसं उतरून आली होती, त्यांच्यात बुवा होता. तोपर्यंत त्याला कुणी बोलवेनासं झालं होतं. मंडळांना आता कीबोर्डवाली जाखडी हवी होती, सिनेमाच्या चालीवर. आमच्या घोषणा चालू होत्या. बुवाने थोडा वेळ ऐकल्या आणि मला म्हणाला, "काय गो, ह्या काय घोषणा हायत का पोथी? आतला सायब झोपला असंल. दे इकडं तो भोंगा."

आणि तिथल्या तिथे गायला लागला.

पैला नारळ त्यांनी फोडला, दुसरा फोडला यांनी,
तिसऱ्याचं पाणी प्यालं कोनी, सांगा राव कोनी?
खोबरं गेलं बंगल्यावरती, करवंटी आमच्या हाती,
रस्ता निजला कागदावरती, पायाखाली माती!

कचेरीतले कारकून खिडकीत आले. चहावाला हसता हसता किटली सांडून बसला. माझ्या वर्षभराच्या पत्रकांनी जे झालं नव्हतं ते चार ओळींनी केलं, आणि मला त्याचा राग आला नाही हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्यातल्या काहींना आला होता.

त्या गाण्यावरून कॅसेटची कल्पना निघाली. महाडच्या बाजारात कॅसेटचं एक दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत दुकानदाराने रेकॉर्डिंगची सोय केली होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गोधडी. हळदीची गाणी, देवीची गाणी तो तिथेच भरायचा. तरुण माणूस, सिनेसंगीताचा भक्त. बुवाची पूर्वी कधी कॅसेट झाली नव्हती. आयुष्यभर तो म्हणायचा, गाणं डबीत भरलं की त्याला वास मारतो. आता आपणच तयार झाला. का, हे मी विचारलं नाही. पावसाळ्यात त्याचा घसा बसायचा आणि दरवर्षी आणखी उशिरा सुटायचा, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. नाव त्यानेच ठेवलं: 'चौथा नारळ'.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिलं भांडण घुंगरांवरून झालं.

"आजोबा, घुंगरू सोडा. आवाज येतो त्यांचा."

"आवाज यावा म्हनूनच बांधलंत."

"अहो पण माईक पकडतो ना तो खळखळाट."

"पकडू दे की. मी काय चोरी केलीय?"

घुंगरू राहिले. दुसरं भांडण होता होता राहिलं, आणि तेच व्हायला हवं होतं. जाखडीच्या गाण्यात शेवटी नावाचं कडवं असतं. त्यात शाहीर आधी गुरूचं नाव घेतो, मग आपलं. त्या कडव्याला नाच थांबतो. ढोलकी नुसती बोटांनी वाजते. आणि गुरूच्या नावाला शाहीर वाकून जमिनीला हात लावतो. बुवाने त्या बंद खोलीतही हेच केलं. शेवटचं कडवं आलं की वाकला, प्रत्येक गाण्याला. दुकानदार काचेपलीकडून ओरडला, "माईकपासून लांब जाऊ नका!" बुवाला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि त्याने सोडून दिलं. मी खोलीच्या बाहेर पायरीवर बसले होते. मला वाटलं, झालं, कॅसेट झाली.

आता नाक्यावरची दुपार.

विसर्जनाच्या मिरवणुका उतरत होत्या. एका मंडळाच्या टेम्पोवर 'चौथा नारळ' लावलं होतं आणि पोरं बेभान नाचत होती. पहिल्यांदाच बुवा आपला आवाज बाहेरून ऐकत होता. त्याने जाकिटाच्या पिना नीट केल्या. ओळखीचे लोक येऊन पाया पडत होते, त्यांना तो शिव्या देत होता, म्हणजे खूश होता. नारळाचं गाणं संपत आलं. नाच थांबला, ढोलकी उतरली. बुवाने मला कोपराने ढोसलं, "आता बघ." हात जोडले, वाकायच्या तयारीत.

आणि आवाज बारीक होत गेला. गुरूच्या नावाआधीची ओळ सुरू झाली, अर्ध्यावर आली, अजून बारीक झाली आणि संपली.

बुवा वाकलेलाच होता. "लाइट गेली काय रे?" त्याने टेम्पोवाल्याला विचारलं.

समोरच्या हॉटेलात पंखा फिरत होता.

"लाइट हाय बुवा," टेम्पोवाला म्हणाला. "गाणं संपलं."

"संपलं कसं? अजून माझा बाप यायचाय."

तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं आणि पोरं पुन्हा नाचायला लागली. बुवा तिथेच उभा राहून सगळी बाजू ऐकत राहिला. प्रत्येक गाण्याला शेवटी तेच. आवाज उतरत जायचा, जसा काही एखादा माणूस दार लोटून निघून जातोय. बुवा शिव्या देईना. मला त्याचीच भीती वाटली.

बाप म्हणजे त्याचा गुरू. खरा बाप नव्हे. बुवा कुणब्याचा. गुरू गावाबाहेरच्या वाड्यातला, ज्याला आता बौद्धवाडी म्हणतात आणि तेव्हा दुसरं नाव होतं. पंचक्रोशीतले सवाल तो रचायचा, पण देवळाच्या अंगणात बारी असायची आणि अंगणात त्याला उभं राहता यायचं नाही. दुसरेच कुणी त्याची गाणी गायचे, आपली म्हणून. पुढे धर्मांतर झालं. त्याने गण-गौळण कायमची सोडली. बुवा तेव्हा मिसरूड न फुटलेला, गुरं राखणारा. गुरूने त्याला सगळे सवाल तोंडपाठ करून दिले, बदल्यात एक शब्द घेतला. बुवा तो असा सांगायचा: "म्हनला, मी तुमच्या देवळात येनार नाय. आता मला यायचंबी नाय. पन माझं नाव तिथं जाईल. तू नेशील."

म्हणून नावाचं कडवं. गुरूचं नाव आलं की ऐकणाऱ्यांनी हात जोडायचे ही जाखडीची रीत. ज्यांनी त्या माणसाला अंगणात पाऊल ठेवू दिलं नाही, ती माणसं, त्यांची मुलं, त्यांच्या सुना, त्याच अंगणात त्याच्या नावाला हात जोडत आली. जोडावे लागलेच. रीतच होती. बुवाला घरातून बोलणी बसली, भावकीत वाळीत टाकायची भाषा झाली. त्याने नाव सोडलं नाही. गुरूला मूलबाळ नव्हतं. त्याचा फोटो नाही. जे आहे ते त्या कडव्यात.

आणि ते एका बटणाने गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाडला दुकानात गेलो तेव्हा माझं पत्रक डोक्यात तयार होतं. मथळ्यासकट. जातीयवादी दुकानदाराचा जाहीर निषेध. मी आत शिरले तीच आवाज चढवून. दुकानदार बिचारा घाबरला. त्याला कळेच ना की मी कशाबद्दल बोलते आहे.

"ताई, मी सगळ्याच गाण्यांना करतो तसं. शेवटी आवाज हळूहळू उतरवायचा. सिनेमाच्या गाण्यांना असतं ना? गाणं धाडकन संपलं की बरं नाही वाटत. आजोबा माईकपासून लांब गेले, मला वाटलं गाणं संपवताहेत. म्हणून मीही उतरवलं." त्याने कपाटातून दुसऱ्या शाहिरांच्या कॅसेटी काढून लावून दाखवल्या. सगळ्या तशाच विरत होत्या. "कुणाचं नाव कापायचं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. त्यांचे गुरू कोण, कुठल्या वाडीचे, मला काय माहीत?"

ते खरं होतं. मला ते खरं असणं अजिबात आवडलं नाही. गुन्हेगार हातात आला असता तर पत्रक झालं असतं. हा तर आपल्या परीने गाणं सुंदर करत होता. अनेक नावं अशीच जातात, कुणी मारत नाही, कुणीतरी चांगलं दिसावं म्हणून कडेने छाटतो. आणि कडेला कोण उभं असतं, हे आपल्या गावांत ठरलेलं आहे.

 बुवा त्या कॅसेटींच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या सगळ्यांचं गुरू तू खाल्लंस? आनि पोट नाय दुखलं?"

दुकानदार हसला, मग त्याला हसू नये असं वाटलं. म्हणाला, पुन्हा भरू. पण आवाज गातानाच उतरवलेला होता. मूळ फितीतही कडवं शिल्लक नव्हतं. "नुसती शेवटची कडवी गा, मी जोडून देतो."

"शेपूट जोडल्यावानी?" बुवा म्हणाला. "अख्खी गानी गाईन."

हे त्याने म्हटलं आणि खोकला. घसा बसला होता. नाक्यावर पाया पडणाऱ्या प्रत्येकाला ओरडून शिव्या दिल्या होत्या ना.

घसा सुटायची वाट बघण्यात पितृपक्ष गेला, नवरात्र गेलं. तेवढ्यात व्हायचं ते झालंच. नावाचं कडवं नसलेलं गाणं आमच्याकडे बेवारस समजतात, कुणीही उचलावं. शिवथरच्या बाजूच्या एका शाहिराने नारळाचं गाणं उचललं, शेवटी आपल्या गुरूचं नाव घातलं आणि बारीत म्हणायला लागला. एकदा पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर तो आणि बुवा समोरासमोर आले. मला वाटलं, आता मारामारी.

"काय बुवा, रागावला काय?" तो शाहीर म्हणाला. "पोर रस्त्यावर रडत होतं. नाव नाय, गाव नाय. मी दत्तक घेतलं."

"बरं केलंस," बुवा म्हणाला. "पन पोराचं तोंड बघ एकदा नीट. आज्यावर गेलंय. तुझ्या घरात खपायचं नाय ते."

स्टँडवरचे लोक हसले. तो शाहीरही हसला. पण बुवा एस.टी.त बसल्यावर खिडकीकडे तोंड करून राहिला.  वाडीच्या फाट्यावर उतरताना एवढंच म्हणाला, "घसा नाय सुटला तर काय करू गो?"

  

पंचायत समितीच्या निवडणुकीची हवा सुरू झाली तेव्हा नारळाचं गाणं एका उमेदवाराच्या प्रचाराच्या जीपवर वाजायला लागलं. पूर्वीचे नारळ दुसऱ्या पक्षाने फोडले होते म्हणून. बेवारस गाणं, कोण विचारणार? त्या दिवशी बुवा न बोलावता महाडला उतरला, घुंगरू पिशवीत घालून. घसा पुरता सुटला नव्हता. "आता जेवढा हाय तेवढ्यात," म्हणाला.

त्या दिवशी मी पायरीवर नव्हते, आत होते. आवाज पूर्वीसारखा नव्हता. खडी होती, पत्रा कुठे कुठे फाटलेला होता. वरच्या पट्टीत जायचा आणि तुटायचा, आणि तुटला की बुवा तिथे एक शिवी घालून पुढे जायचा. दुकानदाराने त्या शिव्या राहू दिल्या. प्रश्न होता वाकण्याचा. वाकला की आवाज माईकपासून सुटणार. न वाकता गुरूचं नाव घेणार नाही, हे बुवाने आधीच सांगितलं होतं. दुकानदाराने बराच वेळ डोकं खाजवलं. मग तो काचेपलीकडून उठून आत आला. माईक स्टँडवरून काढला, दोन्ही हातांत धरला, आणि नावाचं कडवं सुरू झालं तेव्हा बुवाबरोबर तोही वाकत गेला, माईक बुवाच्या तोंडाशी धरून, अगदी जमिनीपर्यंत. बुवाचा हात फरशीला लागला. दुकानदाराचे गुडघे फरशीला टेकले. पलीकडे बटणापाशी कुणीच नव्हतं. आवाज उतरवायला हात कुठून येणार?

गुरूचं नाव आलं. मग वाड्याचं. मग बुवाचं. मग ढोलकीवर एक थाप, धाडकन, आणि गाणं संपलं. दुकानदार घामाघूम होऊन उठला आणि म्हणाला, "असंच संपतं होय हे?"

"असंच संपतंय बाबा," बुवा म्हणाला.

दुसऱ्यांदा निघालेल्या 'चौथा नारळ'वर सगळी नावं पूर्ण आहेत. इथे लिखाण थांबवता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण पुढच्याच गणपतीत मी पाहिलं. टेम्पो तोच, पोरं तीच. नावाचं कडवं आलं की नाच थांबतो, पोरांच्या अंगात तर जोर असतो. कॅसेट लावणाऱ्याचं बोट लगेच बटणावर जातं. फीत पुढे पळते, चिवचिव करते, पुढचं गाणं. कुणालाही वाईट वाटत नाही. तुडीलमध्ये एका लग्नात पाहिलं, महाडच्या बाजारात पाहिलं. आता कॅसेटवरून सीडी भरून देणारी दुकानं निघाली आहेत, ती जास्त गाणी बसावीत म्हणून प्रत्येकाचा शेवट छाटतात. म्हणजे आता दुकानदाराची गरज राहिली नाही. ते काम आपण सगळे मिळून करतो आहोत.

बुवा आता गात नाही. घसा त्या रेकॉर्डिंगनंतर कधीच सुटला नाही. कुजबुजल्यासारखं बोलतो, तेही शिव्याच जास्त. गेल्या खेपेला मी वाडीवर गेले तेव्हा त्याने सगळं सोडून एकच विचारलं.

"शेवटपर्यंत वाजतंय का गो?"

खोटं बोलणं सोपं होतं. समोर म्हातारा माणूस, पडवीत उन्हाला बसलेला, मिशी आता पांढरी. पण त्याने आयुष्यभर कुणाला बरं वाटावं म्हणून काही गायलं नव्हतं.

"नाही बुवा. मधेच पुढे ढकलतात."

 तो म्हणाला, "मग हितं कशाला बसलीस? जा, सांग त्यांना."

मी विचारलं, लिहिते मी, पण तुमच्या गुरूचं नाव त्यात घालू का? निदान छापलेलं तरी राहील. बुवाने मान हलवली. "नको घालू. छापलेलं नाव माणसं वाचत्यात आनि गप बसत्यात. नाव तोंडातनं घ्यावं लागतंय."

म्हणून इथे ते नाव नाही, बुवाचंही नाही, कुणाचंच नाही. तुमच्या घरात, तुमच्या मंडळाच्या पेटीत, मुंबईहून आलेल्या भावाच्या बॅगेत ही दुसऱ्यांदा निघालेली कॅसेट असेल. नसेल तर मागून आणा. नारळाचं गाणं लावा. नाच थांबेल, ढोलकी उतरेल, तुमचं बोट बटणाकडे जाईल. ते बोट मागे घ्या. उभे राहा, हात जोडा, आणि जे नाव ऐकू येईल ते मोठ्याने घ्या.